आईबद्दल लिहायचंय, पण ‘पूर्ण मराठी झाली होती’ असं नाही

ओटला:

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. गेल्या श्रावणात आई गेली, सत्त्याऐंशीची होऊन. देह तिने आधीच मेडिकल कॉलेजला लिहून दिला होता, त्यामुळे अस्थी नाहीत, तेरावं नाही. आता वर्ष होत आलं तसं चुलतभावंडांनी ठरवलंय की वर्षश्राद्धाऐवजी एक छोटी पुस्तिका काढायची, प्रत्येकाने दोनेक पानं लिहायची. पहिला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आलासुद्धा. सुरुवात अशी: ‘हॉलंडमध्ये जन्मलेली, पण आमच्या घरात येऊन पूर्ण मराठी झालेली काकू.’ मी फोन पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

प्रेमानेच लिहिलंय, मला कळतं. पण आई पूर्ण मराठी झाली नव्हती. पासपोर्ट शेवटपर्यंत डच. परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी पोलिसांच्या कचेरीत खेटे घालायची, तेही घरात कोणाला सोबत न घेता. आणि पूर्ण डचही राहिली नव्हती, कारण माहेरी गेली की तिसऱ्या दिवशी तिला तिथल्या जेवणात तिखट सापडत नसे आणि ती भावजयीच्या घरी मिरपूड शोधत फिरायची.

थोडं सविस्तर सांगते. जन्म रॉटरडॅमचा, १९३७. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी गावाचा मधला भाग जाळला तेव्हा ती तीन वर्षांची. १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा मात्र तिला लख्ख आठवायचा. साखरबीट उकडून खाल्लं, ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. लोक तिला ‘अय्या, ट्यूलिपचे मळे!’ म्हणून विचारायचे तेव्हा ती सांगायची, ‘मधला कोंब काढून टाकावा लागतो, नाहीतर पोट बिघडतं.’ समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बाबा पाटबंधाऱ्याचे इंजिनियर. १९५३ च्या फेब्रुवारीत समुद्र बांध फोडून आत आला, हॉलंडात १८३६ माणसं गेली. त्यानंतर तिथे जी प्रचंड कामं निघाली ती शिकायला देशोदेशीचे इंजिनियर जायचे. डेल्फ्टला परदेशी लोकांसाठी हायड्रॉलिक इंजिनियरिंगचा खास अभ्यासक्रम १९५७ पासून होता, त्याला बाबा गेले. आई दिवसा एका जहाज कंपनीत टायपिस्ट आणि संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांचे रिपोर्ट टाइप करून द्यायची. बाबांचा रिपोर्ट तिने चुकांखाली पेन्सिलीने रेघा ओढून परत पाठवला. पैसे पुरते घेतले. लग्न झाल्यावरही ते परत दिले नाहीत, असं बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगत.

त्या काळात तिच्या देशातून माणसं लाखांनी बाहेर पडत होती, सरकारच प्रोत्साहन देत होतं. तिचा थोरला भाऊ कॅनडात शेतीवर गेला. पण तिकडे जाणारे आख्खी कुटुंबं, चर्च, पाववाला घेऊन जायचे. ही १९६५ च्या पावसाळ्यात जिनोव्हाहून बोटीने मुंबईला उतरली ती एकटी. बाबा आधीच आले होते, रजा मिळत नव्हती. गोदीवर उतरवून घ्यायला आत्याचे मिस्टर, ज्यांनी तिचा फोटोसुद्धा नीट पाहिला नव्हता. तिनेच त्यांना ओळखलं म्हणे.

दांडिया बाजारातल्या वाड्यात येऊन दोन महिने होतात न होतात तोच पाकिस्तानशी युद्ध लागलं, गावात ब्लॅकआउट. घरात गोंधळ, काय करायचं कोणाला माहीत नाही. नव्या सुनेने खळ शिजवली, काळा कागद कापला आणि तासाभरात सगळ्या खिडक्या बंद. शेजारच्या वाड्यातून बोलावणं आलं, मग त्यांच्याही केल्या. सासरी तिचं पहिलं कौतुक झालं ते ह्या कामाबद्दल. आणि पहिलं भांडण लगेच त्यानंतर: शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, सगळ्या घराने सोडलं, आईने सोडलं नाही. ‘माझा वाटा मी १९४५ मध्ये सोडून आलेय,’ हे तिने इंग्रजीत, थोडं मोडक्या गुजरातीत आजोबांना सांगितलं. गुजराती तिला आधी आली, खंडेराव मार्केटच्या भाजीवाल्यांकडून. मराठी मागाहून.

दुसरं भांडण खात्याचं. त्यानंतर महिना झाला नसेल, तिने बँक ऑफ बडोदामध्ये स्वतःच्या नावावर खातं उघडलं, स्वतःच्या एकटीच्या सहीने. घरात सगळ्यांना वाटलं, ही वेगळं निघायची तयारी. कारण वेगळंच होतं. तिकडे १९५७ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं, कायद्याने ती अज्ञान मुलांच्या रांगेत. तिची आई दुकान चालवायची आणि सही मात्र वडिलांची लागायची. आईने ठरवलेलं होतं की लग्नानंतर पहिली गोष्ट खातं. (निघालीसुद्धा नंतर वेगळी, फतेगंजला दोन खोल्यांत. अर्धं भाडं ती द्यायची.)

ते पैसे थिसिस टाइप करण्याचे. आमच्या युनिव्हर्सिटीत पहिल्यापासून सगळं इंग्रजीत, आणि गावात बिनचूक इंग्रजी टाइप करणारे थोडे. सेकंडहँड रेमिंग्टन घेतलं आणि बसली. एक मूळ प्रत, चार कार्बन. चूक झाली तर पाचही कागद वेगळे करून ब्लेडने खरवडायचे. आमच्या लहानपणाचा आवाज म्हणजे तो खटखटाट, त्यावर मी झोपायला शिकले.

१९७९ मध्ये बाबा अचानक गेले. मी अकरा वर्षांची, भाऊ आठचा. सगळ्यांनी धरून चाललं की आता एकतर ही हॉलंडला परत जाईल नाहीतर वाड्यात येईल. दिवस व्हायच्या आत ती मशीनवर बसली, कारण एका मुलाची थिसिस जमा करायची तारीख होती आणि तिने शब्द दिला होता. आमच्या नात्यात हे अजून सांगतात, आवाज बारीक करून. पुस्तिकेत हे कोणी लिहिणार नाही. मला लिहायचंय.

आता अडचण. एक, हे कसं लिहू की वाचणाऱ्याला वाटू नये की मी वाड्यावर राग काढतेय? दुसरं, मावशी गेल्यावर मावसबहिणीने एक पार्सल पाठवलं: आईने इथून बहिणीला लिहिलेली पत्रं, १९६५ पासूनची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सगळी डचमध्ये. आम्हाला तिने डच शिकवलं नाही, रागावल्यावर बोलायची तेवढंच येतं. ती कोणाकडून वाचून घेऊ? आणि तिकडचे तिचे कागद, शाळेचे वगैरे, मिळू शकतात का?

---

कार्बन कॉपी:

ओटलाताई, फतेगंज, पहिला मजला, जिन्याखाली काळी लेडीज सायकल? मग तुमच्या आईंनी माझी थिसिस टाइप केलीय. १९८४, केमिस्ट्री. मी पोचलो तेव्हा त्या साडीच्या निऱ्यांना कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे लावून सायकलवरून उतरत होत्या. मी हसलो. त्यांनी बघितलं. सुरुवात वाईट झाली.

सूत्रांसाठी जागा सोडायच्या, ती मी नंतर काळ्या शाईने भरायची, असं ठरलं. बाई प्रत्येक जागा पट्टीने मोजत. तिसऱ्या प्रकरणातल्या एका तक्त्याची बेरीज जुळत नव्हती ती त्यांनी पकडली. माझ्या गाइडने दोनदा वाचून पकडली नव्हती. ‘मी केमिस्ट नाही, पण बेरीज बेरीज आहे,’ म्हणाल्या. पन्नास पानांनंतर पैसे, मग पुढची पन्नास. उधारी नाही. माझी स्कॉलरशिप अडकली होती तेव्हा मी गयावया केली तर म्हणाल्या, पाने तयार आहेत, पैसे आणशील त्या दिवशी मिळतील. दिली नाहीत खरोखर! तेव्हा फार राग आला होता. मित्राकडून उसने घेऊन गेलो.

आणि चहा. चारला चहा. डबा उघडायचा, एक बिस्किट द्यायचं, डबा बंद. आम्ही मुलं त्यावर फार बोलायचो. दालचिनी-लवंगेची खुसखुशीत बिस्किटं, दुसरं मिळालं असतं तर जग जिंकलं असतं. तुमच्याकडची पत्रं त्याच डब्यात आलीत की काय?

---

माई:

बेटा, तुझं लिहिणं आवडलं, पण एक म्हातारी म्हणून टोचून बोलते. ‘पूर्ण मराठी झाली’ ही आमच्या पिढीने कोणालाही दिलेली सगळ्यात मोठी पदवी आहे. माझं माहेर रावपुऱ्याचं. गायकवाड महाराजांच्या चाकरीत आलेली घरं आमची. चार-पाच पिढ्या गुजरातेत काढूनही आपण पुण्याच्या लोकांसमोर मराठी सिद्ध करत बसतो. ‘तुम्ही बडोदेकर, तुमचं मराठी गुजराती वळणाचं’ हे लग्नानंतर मला किती ऐकावं लागलं. तेव्हा त्या घराने बाहेरच्या मुलीला आपल्यातली म्हटलं, तर त्यांच्याजवळ होतं ते दिलं. चुलतभावाचं ते वाक्य खोडू नकोस, तुझी पानं वेगळी लिही.

आणि एक विचारते. तू अकराची, भाऊ आठचा, आई दिवसभर मशीनवर. स्वयंपाक कोण करत होतं?

---

आल्मेरेकर:

मी गेली बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहे, सासर डच, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

कागदपत्रं: इथे जन्माच्या नोंदी १०० वर्षांनी सर्वांना खुल्या होतात, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांनी. म्हणजे आईंची जन्मनोंद अजून ऑनलाइन दिसणार नाही, पण मुलगी म्हणून तुम्ही रॉटरडॅम नगरपालिकेकडे उतारा मागू शकता. आजी-आजोबांचं लग्न आणि त्यांचे जन्म मात्र ‘वीवासवी’ ह्या साइटवर बहुतेक सापडतील, फुकट आहे. आजीचं दुकान होतं म्हणता ना? ‘डेल्फर’वर जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलीत, त्यात आडनाव आणि रस्त्याचं नाव टाकून शोधा. दुकानांच्या बारीकसारीक जाहिरातीही निघतात. रॉटरडॅमच्या नगर अभिलेखागारात १९४० च्या आधीचे रस्त्यांचे फोटो आहेत. तो भाग जळून गेल्यामुळे हे फोटो बघताना इथली माणसंसुद्धा गप्प होतात.

खात्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर. तो कायदा १९५६ मध्ये बदलला आणि १ जानेवारी १९५७ पासून लागू झाला. त्यासाठी झगडलेल्या खासदार कॉरी टेंडेलू, जन्म डच ईस्ट इंडीजमधला, म्हणजे आताच्या इंडोनेशियातला. १९५५ मध्ये, सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झाल्याबरोबर काढून टाकू नये हा त्यांचा ठराव संसदेत ४६ विरुद्ध ४४ असा जेमतेम मंजूर झाला. कायदा लागू झालेला बघायला त्या राहिल्या नाहीत, १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या. तुमच्या आई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, ऑफिसात नुकत्याच लागलेल्या असतील. हे सगळं पेपरात वाचत मोठ्या झालेल्या मुली त्या.

एका बिस्किटाचं म्हणाल तर तो कंजूषपणा नव्हे. माझ्या सासूबाई आजही तेच करतात. मी जावई असूनही.

पत्रं: निळे एअरोग्राम असतील तर घड्या जबरदस्तीने उलगडू नका, कडा फाटतात आणि लोक नेमकं कडेलाच शेवटचं लिहितात. आधी फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंनी. हस्ताक्षर वाचणारे संगणकी कार्यक्रम आहेत, पण घरगुती पत्रात ते नावं हमखास चुकवतात. इथे दांडिया बाजार, सासूबाईंचं नाव, भाज्या असं सगळं डच स्पेलिंगात असणार. ते डच माणसालाही कळणार नाही आणि तुम्हालाही एकटीला नाही. दोघांनी मिळून वाचायला हवं. हवं तर मी वाचतो.

---

बिनधास्त७:

सगळं ठीक आहे, पण एवढं सगळं स्वतःचंच धरून ठेवायचं होतं तर नवरा गेल्यावर परत का नाही गेल्या? उगाच विचारतोय, राग मानू नये.

---

ओटला:

राग नाही. मीही विचारलं होतं, कॉलेजात असताना. आई म्हणाली, ‘तिथे जाऊन मी चाळिशीची विधवा टायपिस्ट. इथे माझ्याकडे तीन महिन्यांचं काम बुक आहे.’ एवढंच. मला तेव्हा काहीतरी मोठं ऐकायचं होतं, बाबांची आठवण वगैरे. नाही मिळालं.

ज्या आठ वर्षांचा हिशोब तिकडे धरला गेला त्यापोटी म्हातारपणी तिला थोडंसं डच पेन्शन यायचं. धरलेल्या वर्षामागे पूर्ण पेन्शनच्या २ टक्के असा नियम, तेव्हा किती येणार! पण त्यासाठी दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला पाठवावा लागे, आणि तो फॉर्म भरायचा दिवस तिचा आवडता. ‘अजून आहे,’ असं म्हणत सही करायची.

माई, पकडलंत. स्वयंपाक आजी करायची. वाड्यातून रोज रिक्षाने फतेगंजला यायची, डबा घेऊन आधी, नंतर पोळपाट-लाटणंच आणून ठेवलं. दोघींचं पटायचं म्हणणार नाही. आईने डच रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलं होतं, तिकडे प्रत्येक घरात ते तिथेच असतं. आजी म्हणाली, राम, गणेश, लक्ष्मी अशी नावं लिहिलेला कागद संडासात? आई म्हणाली, रोज दिसतं म्हणूनच लक्षात राहतं. कित्येक वर्षं आजी येताना ते उचलून स्वयंपाकघरात आणायची, ती गेली की आई परत नेऊन टांगायची. त्यावर एकही शब्द बोलल्या नाहीत. आमचे वाढदिवस दोघींनाही कधी चुकले नाहीत.

पण मी विसरलेच होते लिहायला की पोळ्या झाल्या की आजी पानं लावायला बसायची. पाच गठ्ठे, मूळ आणि चार प्रती. इंग्रजी येत नव्हतं, आकडे शिकून घेतले. कार्बनने बोटं काळी व्हायची म्हणून देवाला हात लावायच्या आधी राखेने घासायची. कार्बन कॉपी, तुमच्या थिसिसची पानं बहुधा आजीने लावलेली आहेत. १९८४ मध्ये ती होती. आणि बिस्किटंही तिच्या हातची, आईने सांगायचं, आजीने मळायचं, ट्रे बेकरीच्या भट्टीवर भाऊ घेऊन जायचा. ५ डिसेंबरला, तिकडच्या सिंटरक्लासच्या सणाला, आमच्या आद्याक्षरांची, आमच्या चपलांत ठेवलेली. चपलेत खायचं ठेवलं म्हणून आजीने पहिल्या वर्षी काय केलं असेल ते ओळखा.

पैशांवरून तुम्हाला राग आला होता ते बरं लिहिलंत. गोड गोड आठवणींत ती मावतच नाही. तिच्या हिशोबाच्या वह्या आहेत माझ्याकडे, प्रत्येक थिसिसची पानं, दर, मिळाले, बाकी. बाकीचा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा. वहीच्या दोन पानांचा फोटो पुस्तिकेत घालणार आहे, नावं झाकून.

माई, चुलतभावाचं वाक्य राहू देते. माझी पानं सुरतेच्या सहलीपासून सुरू करायचं म्हणतेय. तिथे डच दफनभूमीत व्हान रीड ह्याची प्रचंड घुमटाची कबर आहे, १६९१ मध्ये गेला. मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ करणारा हाच. शाळेतल्या बाईंनी आईला मुद्दाम बरोबर नेलं होतं, तुमच्या देशाचं काही सांगा म्हणून. आईने घुमट खालून वर पाहिला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, ‘हे पैसे कोणी दिले?’ बाई गोंधळल्या. नंतर मी वाचलं की हा गृहस्थ शेवटी डच ईस्ट इंडिया कंपनीतला भ्रष्टाचार तपासायला पाठवलेला अधिकारी होता. आईला सांगितलं तर आठवडाभर हसत होती.

आल्मेरेकर, मोजल्याशिवाय सांगते, पत्रं पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षाची चाळीसेक तरी असतील. फोटो काढायला सुरुवात केलीय, कडा तशाच ठेवून. एकात ‘बाबां’च्या नावाखाली दोनदा रेघ आहे आणि पुढे तीन उद्गारचिन्हं, ते आधी वाचूया का? रविवारी तुमच्याकडे दुपारी बारा, आमचे साडेतीन, चालेल? चारला मी चहाला उठेन.

---

आल्मेरेकर:

रविवार बारा चालेल. ते रेघवालं पत्र आधी पाठवून ठेवा, म्हणजे अक्षराचं वळण मला आदल्या दिवशी बघता येईल. आणि वाड्यातल्या सगळ्यांच्या नावांची यादी करा, घरात हाक मारायच्या नावांसकट. बाईंनी बहिणीला लिहिताना ‘आत्याचे मिस्टर’ असं नक्कीच लिहिलेलं नसणार.

---

कार्बन कॉपी:

वहीत १९८४ बघाल का? बाकी शून्य असेल, पण बघा.